नागली कणगीत, पोर बागेत : पेठच्या एका घराचं वर्षभराचं ताट

पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरचं हे घर. पाड्याचं आणि माणसांची नावं मुद्दाम देत नाही. त्यांनी मला चुलीपर्यंत येऊ दिलं ते विश्वासानं, आणि तो विश्वास जपायचा आहे. घरात सहा माणसं : आजी, आजोबा, मुलगा, सून, सात वर्षांची नात आणि अडीच वर्षांचा नातू. जमीन दीड एकर. त्यातली थोडी ओहोळाकाठची भाताची खाचरं, बाकी सगळी डोंगरउताराची वरकस.

मी पोषणाचं काम करते. जूनमध्ये त्या घरी पहिल्यांदा गेले ती नातवासाठी, कारण त्याचं वजन वयाच्या मानानं बरंच कमी भरत होतं. ओसरीवर बसले तर समोर शेणानं लिंपलेली बांबूची कणगी, तिच्यात दोन हंगामांची नागली, म्हणजे नाचणी. कणगीला टेकून पोरगा चहात बिस्किट बुडवून खात होता. मला जे सांगायचं होतं ते मी सांगितलं. १०० ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तांदूळ तिच्या पासंगालाही पुरत नाही, दूधसुद्धा ग्रॅमला ग्रॅम मोजलं तर मागं पडतं. सुनेनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ताई, नागली चांगली हे आम्हाला ठाऊक आहे. पण नागली इथं राहते आणि पोरगं सहा महिने तिकडं असतं."

तिकडं म्हणजे निफाड तालुक्यात, द्राक्षाच्या बागेत.

या घराला नागलीचं महत्त्व पटवायची गरजच नव्हती. कणगी भरलेली असताना नागली पोराच्या वाटीपर्यंत का पोहोचत नाही, हे मला समजून घ्यायचं होतं. त्यासाठी मी पुढची दोन वर्षं दोन्हीकडच्या चुलींपाशी जात राहिले. जे दिसलं ते इथं लिहिते आहे.

एक जिल्हा, दोन पाणलोट

नाशिक जिल्ह्याबाहेरच्या माणसाला नाशिक म्हटलं की द्राक्षं, कांदा, गोदाकाठ आठवतो. पण जिल्ह्याचा पश्चिम कडेचा पट्टा, म्हणजे इगतपुरी, त्र्यंबक, पेठ, सुरगाणा, हा सगळा सह्याद्रीच्या माथ्यावरचा नाहीतर उतारावरचा मुलूख. पेठला पाऊस दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, इगतपुरीला त्याहूनही जास्त. तिथून सावळघाट चढून नाशिक ओलांडून निफाडला गेलं की तो पाचशे-सहाशेवर येतो. रस्ता जेमतेम शंभर किलोमीटरचा, आणि पाऊस चौथ्या हिश्शावर. पेठचं पाणी दमणगंगा आणि पार या नद्यांतून अरबी समुद्राकडे धावतं, निफाडचं गोदावरीतून थेट बंगालच्या उपसागराच्या वाटेला लागतं.

पाऊस जास्त असलेला मुलूख पाण्यानं श्रीमंत असेल असं वाटतं. तसं नाही. पेठच्या डोंगरावर मातीचा थर पातळ, खाली काळा कातळ. चार महिने कोसळलेलं पाणी धरून ठेवायला जमिनीत जागाच नाही. दिवाळीनंतर ओहोळ आटायला लागतात आणि मार्चपासून बायांच्या डोक्यावर हंडे येतात. म्हणजे जमीन एकच पीक देते, खरिपाचं. त्यानंतर रानात करायला काही उरत नाही. निफाडकडे याच्या नेमकं उलट. आभाळातून थोडं येतं, पण धरणं, कालवे आणि विहिरींमुळे वर्षभर पाणी आहे, खोल काळी माती आहे. म्हणून तिथं गहू, ऊस, द्राक्षं. कामही तिथंच.

त्या घराच्या वर्षाचे दोन तुकडे पडतात ते याच पाण्यामुळे. पावसाचे महिने डोंगरावर, बाकीचे बागेत. आजी-आजोबा मात्र बारा महिने वरच.

डोंगरावरचं ताट

जुलैत मी पुन्हा गेले तेव्हा आवणी, म्हणजे रोपांची लावणी, चालू होती. उतारावरच्या तुकड्यात उन्हाळ्यात राब भाजून ठेवला होता : पालापाचोळा, शेण, झाडाच्या फांद्या पसरून पेटवलेली जागा. त्या राखेत नागलीची रोपं तयार करायची आणि पाऊस लागला की उपटून उतारावर लावायची. भात खाचरात, नागली उतारावर, तिच्याहून हलक्या रानात वरई, बांधाला उडीद, कडेला खुरासणी. कुठलं पीक कुठं हे उतार ठरवतो. पाणी जिथं थांबतं तिथं भात, जिथून वाहून जातं तिथं नागली. नागलीच्या मुळाशी पाणी साचून राहिलं तर ती पिवळी पडते. उलट या उतारावर दुसरं फार काही उभंच राहत नाही.

ताटही त्याच क्रमानं भरतं. सकाळी नागलीची भाकर आणि उडदाची आमटी, अख्ख्या काळ्या उडदाची, वरून खुरासणीचं तेल. रात्री भात, नाहीतर पेज. जून-जुलैत घरातली डाळ संपत आलेली असते तेव्हा रान धावून येतं. पहिल्या पावसाला फोडशी आणि टाकळा, मग कुर्डू, करटुली, बांबूचे वास्ते, दोन-चार दिवस अळिंबी. ओहोळाचे खेकडे आणि लहान मासे. याशिवाय सुके बोंबील आणि जवळा : समुद्र इथून दूर नाही, गुजरातेतल्या धरमपूर-वापीच्या रस्त्यानं किनाऱ्यावरचा सुका माल घाट चढून बाजारात येतो. डोंगरातल्या या घरी समुद्राची मासळी पावसाळ्याची बेगमी म्हणून माळ्यावर टांगलेली असते, आणि निफाडच्या सपाटीवरच्या घरांत ती सहसा दिसत नाही.

दूध नाही. या भागात जनावरं पुष्कळ, पण ती डांगी. हा जातिवंत गोवंश मुसळधार पावसासाठीच घडलेला आहे. त्याच्या कातडीला तेलकटपणा असतो, अंगावर पाणी ठरत नाही. खुरं काळी आणि टणक, त्यामुळे चिखलात कुजत नाहीत. खाचराची चिखलणी करायला डांगी बैलासारखा बैल नाही. पण गाय दूध देते ते वासरापुरतं. कॅल्शियम दुधातून मिळणार नाही तर कुठून मिळणार? कणगीतून. या मुलखात नागली हेच दूध आहे असं मी पूर्वी म्हणायचे ते सांगण्यापुरतं. आता ते मला अक्षरशः खरं वाटतं.

नागलीचा आणखी एक गुण पावसाळी मुलखातच कळतो. ती टिकते. दाणा बारीक, कठीण, त्याला कीड सहजासहजी लागत नाही. नीट वाळवलेली नागली वर्षानुवर्षं कणगीत राहते. चार महिने जिथं भिंतीला ओल येते, तांदळात अळ्या होतात, तिथं हा गुण चवीच्याही वरचढ. आजीनं हात घालून तळातली नागली दाखवली. दोन वर्षांपूर्वीची, आणि वरच्या नागलीपेक्षा वेगळी ओळखूही येत नव्हती. तिला ते कणसरीचं, धान्याच्या देवीचं, देणं वाटतं. नागलीला ती हात जोडल्याशिवाय मापात घेत नाही.

इथं वरईबद्दल थोडं सांगायला हवं, कारण तिच्यामुळे नागलीचं नशीब समजतं. दोन्ही धान्यं एकाच डोंगरावरची. पण नागली मळली की दाणा मोकळा होतो, तसाच दळता येतो. वरईच्या दाण्याला घट्ट टरफल, ते काढल्याशिवाय खाता येत नाही. पूर्वी बाया ते जात्यावर भरडून, उखळात कांडून काढायच्या. तास न् तास. आता कांडणारे हात बागेत गेले. म्हणून वरई टरफलासकट व्यापाऱ्याला जाते, नाशिकच्या गिरण्यांमध्ये तिची पांढरीशुभ्र भगर होते आणि एकादशीला, नवरात्रात राज्यभर उपासाच्या ताटात वाढली जाते. पिकवणाऱ्या घरात वरईचा भात आता सणासुदीला. नागली घरात राहिली ती केवळ तिला टरफल काढायला गिरणी लागत नाही म्हणून. धान्याच्या बांध्यातला एवढासा फरक, पण एक धान्य घरातून गेलं आणि एक राहिलं.

बागेतलं ताट

डिसेंबरात मी निफाडकडच्या त्या बागेवर गेले. तोपर्यंत कुटुंबाला तिथं दोन महिने झाले होते. महाराष्ट्रात द्राक्षवेलीची छाटणी वर्षातून दोनदा : एप्रिलमध्ये खरड छाटणी, आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळांसाठीची गोडी छाटणी. तिच्यामागून काडीच्या डोळ्यांना पेस्ट लावणं, फुटवे काढणं, घडांची विरळणी, डिपिंग म्हणजे घड औषधाच्या पाण्यात बुडवणं, आणि जानेवारी-फेब्रुवारीपासून खुडा, म्हणजे द्राक्षांची तोडणी. पेठ, सुरगाण्याकडच्या मजुरांच्या टोळ्या याच कामांसाठी येतात. बागेच्या कडेला पत्र्याचं शेड, एका टोळीची चार-पाच कुटुंबं, प्रत्येकाची तीन दगडांची चूल.

सून सकाळी साडेसहाला भाकरी-चपातीचं उरकून सातला बागेत. परत येते पाचला. सात वर्षांची नात धाकट्याला सांभाळते, त्यामुळे तिची शाळा सहा महिने बुडते. हा या प्रकरणातला वेगळा आणि मोठा घाव आहे. इथं त्याचा उल्लेखच करते, पण तो विसरले असं कोणी समजू नये.

ताटात काय? गव्हाच्या चपात्या, बटाटा, टोमॅटोची चटणी, पिठलं. कांदा भरपूर, कारण आसपास सगळा कांद्याचा मुलूख. निवडून बाजूला पडलेली गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, मजुरांना अशीच मिळते. फुटके टोमॅटोही. डोंगरावर पाला फुकट होता, इथं कांदा-टोमॅटो फुकट. ज्या मुलखात जे उतू जातं ते गरिबाच्या ताटात येतं, हा नियम दोन्हीकडे सारखा. फक्त उतू जाणारी वस्तू बदलली. उडीद, नागली, पालेभाजी, सुकी मासळी हे सगळं वर राहिलं.

जाताना पाच किलो नागलीचं पीठ आणि उडदाची पिशवी त्यांनी बरोबर नेली होती. ती का वापरली जात नव्हती हे शेडमध्ये बसल्यावर एकेक करून उलगडलं, आणि यातली बहुतेक कारणं मला कोणत्याही प्रशिक्षणात कोणी सांगितलेली नव्हती.

पहिलं कारण पाणी. बागेतल्या बोअरचं पाणी जड, क्षार जास्त. अशा पाण्यात कडधान्य लवकर शिजत नाही, कारण पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम दाण्याचं साल मऊ होऊ देत नाही. वर ओहोळाच्या मऊ पाण्यात जो उडीद तासाभरात गळायचा, तो इथं दोन तास रटरटूनही दाताखाली कचकचायचा. त्यात जळण वेगळं. वर जंगलातलं जाड लाकूड, त्याचे निखारे तासभर धगधगतात. इथं छाटणीच्या द्राक्षकाड्या, भसकन पेटतात आणि क्षणात राख. उडीद मागं पडला, बेसन पुढं आलं, कारण पिठलं दहा मिनिटांत होतं. यात आवडीनिवडीचा संबंध नाही. पाणी आणि काडी यांनी हा निर्णय घेतला.

दुसरं कारण दुपार. नागलीत गव्हासारखा चिवटपणा देणारा ग्लुटेन नसतो. गरम भाकर लुसलुशीत, पण गार झाली की ती कडक होते, तुटते. डोंगरावर भाकर तव्यावरून ताटात येते, वर गरम आमटी. बागेत साडेसहाला केलेली भाकर बारा वाजता फडक्यातून उघडायची. चपाती तोवर मऊ राहते. म्हणून चपाती. लहान पोराला तर गार नागलीची भाकर चावतच नाही.

तिसरं कारण गिरणी. नेलेलं पीठ संपल्यावर नागली दळायला तिथल्या गिरणीत गेलं तर गिरणीवाला नको म्हणतो, आणि त्याचंही चुकत नाही. नागलीचं पीठ तांबूस काळपट, जात्यात राहिलं की पुढच्याचा पांढरा गहू रंगतो. तिथं कोणीच नागली दळत नाही, मग दोन पायल्यांसाठी गिरणी कोण धुणार?

बागमालकाच्या घरच्या मावशींनी थंडीत बाजरीचं पीठ दिलं. मनानं चांगल्या, त्यांच्या घरातही थंडीभर बाजरीच. सुनेनं ते नागलीच्या सवयीनं महिन्याभरासाठी भरून ठेवलं आणि तिसऱ्या आठवड्यात ते कडू झालं. तिला वाटलं पीठच खराब दिलं. मावशींना वाटलं पोरीला दिलेल्याची किंमत नाही. दोघींच्या मनात किंतु राहिला. खरं कारण दाण्यात होतं. बाजरीत स्निग्धांश सुमारे ५ टक्के, नागलीत दोनच्या आत. बाजरी दळली की त्या तेलाला हवा लागते, आणि विकरांमुळे ते लवकर खवट होतं. म्हणून येवला, नांदगाव, सिन्नरकडच्या बाया बाजरी आठवड्यापुरतीच दळतात. त्यांच्याकडे हे ज्ञान आहे, डोंगरावरच्या बायांकडे नागलीचं आहे. एका मुलखातलं ज्ञान दुसऱ्या मुलखात चालत नाही. मी दोघींना समोरासमोर बसवून हे सांगितलं. त्या दिवशी मला माझं काम पहिल्यांदा उपयोगाचं वाटलं.

चौथं कारण थंडी, आणि हे मला सगळ्यांत अनपेक्षित. पोरासाठी सून आंबील करून पाहत होती. वर आजी नागलीचं पीठ रात्री कालवून मडकं चुलीजवळ ठेवते, सकाळी ते आंबूस फुगलेलं असतं, शिजवलं की पोरं वाटीवर वाटी पितात. निफाडची थंडी मात्र महाराष्ट्रात गाजलेली. गोदाकाठची मोकळी सपाटी, निरभ्र आभाळ, रात्री जमीन झपाट्यानं निवते. हिवाळ्यात कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा ५ अंशांच्या खाली गेल्याची बातमी बहुतेक वर्षी येतेच. (याच थंडीचं दुसरं रूप म्हणजे इथला गहू. निफाडच्या केंद्रानं काढलेल्या वाणांची नावंसुद्धा त्र्यंबक, तपोवन, गोदावरी अशी इथल्याच मातीतली आहेत.) जी थंडी गव्हाला फुटवे देते ती आंबील आंबू देत नाही. पत्र्याच्या शेडमध्ये मडकं सकाळी तसंच्या तसं, कच्च्या पिठाच्या वासाचं. पोरगं तोंड फिरवायचं. मग आईला जायची घाई, आणि बिस्किटाचा पुडा.

बिस्किटाला शिजवावं लागत नाही, ते जड पाण्यात अडत नाही, थंडीत आंबायचं राहत नाही, आणि सात वर्षांच्या बहिणीला ते देता येतं. हे सगळं समोर पाहिल्यावर सुनेला काही सांगायला माझ्याकडे तोंड उरलं नाही.

ऑक्टोबरचा पेच

मग नागली वरच जास्त का पिकवत नाहीत, पीठ जास्त का आणत नाहीत? भाव तर बरा आहे : २०२४-२५ च्या हंगामात नागलीची किमान आधारभूत किंमत क्विंटलला ४२९० रुपये होती, साध्या भाताची २३००. शिवाय रेशन आहे. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा, त्याखाली अंत्योदय कार्डाला महिन्याला ३५ किलो धान्य, आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत. रेशनमुळे नागली मागं पडली असं सरसकट म्हटलं जातं, मीही म्हणत असे. या घरात रेशनचा तांदूळ-गहू आजी-आजोबा वर खातात, आणि त्यामुळेच नागली कणगीत शिल्लक राहते. रेशननं इथं नागली वाचवली आहे.

पेच ऑक्टोबरात आहे. नागली उतारावर पिकून पिवळी होते ती ऑक्टोबरात, आणि गोडी छाटणीला टोळी निघते तीही तेव्हाच. मुकादमाकडून पावसाळ्यात घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, असते. तारीख ठरली की निघावं लागतं. नागलीची कापणी म्हणजे एकेक कणीस विळ्यानं खुडायचं, कारण सगळी कणसं एकदम पिकत नाहीत. उतारावर वाकून करायचं काम. मुलगा-सून गेले की ते उरतं आजीवर. म्हणून गेल्या काही वर्षांत नागलीचा तुकडा आक्रसत गेला. तो आता तेवढाच आहे, जेवढं आजीची कंबर खुडू शकते. भातही त्यांनी हळवा लावायला घेतला, दसऱ्याच्या आत हाती येणारा. उशिरा येणाऱ्या गरव्या भातापेक्षा उतारा कमी, पण निघायच्या आधी कापून होतो.

कृषीच्या कागदावर याची नोंद "नागलीखालील क्षेत्र घटले" अशी होईल. या घरात ते असं घटलं.

काय करून पाहिलं

उपाय मी सुचवला नाही. तो आजी आणि सुनेच्या बोलण्यातून निघाला, मी फक्त त्यातला तांत्रिक धागा पकडला. पहिल्या वर्षीच्या डिसेंबरातल्या अनुभवानंतर दुसऱ्या वर्षी सप्टेंबरातच मी वर गेले. आजी म्हणाली, "पीठ नेता तसं सत्त्व न्या. माझ्या पोरांना मी तेच चारलं." सत्त्व म्हणजे नागलीला मोड आणून, वाळवून, हलकं भाजून केलेलं पीठ. ते गरम पाण्यात पाच मिनिटांत शिजतं, आंबवायला लागत नाही, उडदासारखं जळण खात नाही. शिवाय मोड येताना दाण्यातली विकरं पिष्ट फोडतात, त्यामुळे लापशी घट्ट गोळा होत नाही आणि लहान मुलाच्या तेवढ्याच वाटीत जास्त पीठ मावतं. दाण्यातलं लोह आणि कॅल्शियम अंगी लागायला जे फायटेट आडवं येतं तेही मोडामुळे कमी होतं. आजीला हे शब्द माहीत नाहीत, पण तिला परिणाम माहीत होता.

अडचण हवामानाचीच. सप्टेंबरात ओल इतकी की मोड आलेली नागली वाळायच्या आधी बुरसते. पहिली खेप, तीन पायल्या, तशीच गेली आणि ती जनावरांपुढे टाकताना आजीचा चेहरा मला पाहवला नाही. पाऊस उघडून ऑक्टोबरचं कडक ऊन पडतं आणि टोळी निघते, या दोहोंत आठ-दहा दिवसांची फट असते. त्याच फटीत हे उरकायचं. नवी नागली तोवर शेतातच उभी, म्हणून सत्त्व करायचं ते जुन्या नागलीचं. इथं कणगीतली दोन वर्षांपूर्वीची नागली कामाला आली. टिकण्याचा तो गुण नसता तर हा उपायच शक्य नव्हता. रात्रभर भिजवलेली नागली फडक्यात बांधून दीड दिवस, मग गच्चीसारख्या मोकळ्या कातळावर दोन उन्हं. तापलेला काळा कातळ खालून शेकतो, वरून ऊन. पाड्यावरच्याच गिरणीत, जिथं नागलीला कोणी नाक मुरडत नाही, दळून दोन पत्र्याचे डबे भरले.

त्या हिवाळ्यात मी तीनदा बागेवर गेले. पोरगं सकाळी सत्त्वाची लापशी गूळ घालून खात होतं, संध्याकाळी मीठ-कांदा घालून. बहिणीला ती करता येत होती, पण तिला चूल पेटवावी लागू नये म्हणून आई सकाळीच करून स्टीलच्या डब्यात, डबा गोधडीत गुंडाळून ठेवायची. बिस्किटं पूर्ण थांबली नाहीत. दुपारी चहाबरोबर होतीच. वजनाची रेघ हिवाळाभर हळूहळू वर गेली. त्यातलं किती श्रेय सत्त्वाचं, किती वय वाढल्याचं, किती त्या वर्षी जुलाब न लागल्याचं, हे एका मुलावरून ठरवता येत नाही आणि मी ठरवतही नाही.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात दोन्ही डबे संपले. खुड्याचे दिवस, काम सकाळी अंधारात सुरू, अजून दोन-अडीच महिने परतायचं नव्हतं. पुन्हा बिस्किटाचा पुडा आला. मुलगा रात्रीच्या बसनं वर जाऊन डबे भरून आणू म्हणाला, पण वर सत्त्व केलेलं नव्हतं, आणि आजीला एकटीला मार्चच्या टंचाईत भिजवायला, धुवायला पाणी कुठून मिळणार? एका हंड्यासाठी ती तेव्हा दरी उतरत होती.

अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सगळे घरी परतले तेव्हा ओसरीवर बसून हिशेब झाला. सहा महिन्यांसाठी दोन डबे पुरत नाहीत, चार लागतात. चार डब्यांसाठी जुनी नागली या वर्षी उरेल, पुढच्या वर्षी उरणार नाही, कारण तुकडा आक्रसलेला. तो पूर्वीएवढा करायचा तर ऑक्टोबरात खुडायला माणूस हवा. मुलगा मुकादमाशी बोलून आला : टोळी निघाल्यावर तो चार दिवस मागं राहील, त्या दिवसांची मजुरी जाईल, उचलीतून वळती होईल. सुनेनं विचारलं, चार दिवसांत होईल का सगळं? आजी म्हणाली, सावडीनं होईल, एकमेकांच्या रानात आळीपाळीनं खुडू, शेजारच्या दोन घरांचीही माणसं थांबवू, त्यांचीही पोरं तिकडंच असतात.

जूनच्या पहिल्या पावसाआधी उतारावर दोन नवे राब भाजले होते. राबाची राख अजून गरम होती, आणि आजी दुधीच्या वाळक्या भोपळ्यात जपून ठेवलेलं नागलीचं बी काढून सुपात निवडत बसली होती. तीन घरांना पुरेल एवढं.